दिवेमालवे

दिवेमालवे हे विद्यापीठाच्या प्रत्येक विभागात निदान एक तरी आढळणारे गृहस्थ होत. हजेरीपत्रकावर ते प्राध्यापक, अधीक्षक, ग्रंथपाल किंवा प्रयोगशाळा सहायक असतात, परंतु ते पगारापुरते. रिकाम्या खोलीतला दिवा मालवणे हे त्यांचे जीवितकार्य. या कामाला नेमणूकपत्र नाही, भत्ता नाही आणि आभार तर नाहीतच. ‘काय दिवे लावलेत?’ हा प्रश्न मराठीत उपहासाने विचारला जातो. त्या प्रश्नाला आयुष्यभर न घाबरणारे दिवेमालवे हे विद्यापीठातील एकमेव कर्मचारी होत.

दिवेमालवे ओळखणे सोपे असते. ते नेहमी भिंतीच्या कडेने चालतात, कारण बटणे भिंतीवर असतात. कोणत्या खोलीचे बटण दाराच्या उजवीकडे आणि कोणत्या खोलीचे कपाटामागे, हे त्यांना विद्यार्थ्यांच्या नावांपेक्षा चांगले पाठ असते. बंद दाराआड फिरणाऱ्या पंख्याची घरघर त्यांना जिन्यातून ऐकू येते. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने केलेली ‘जरा एसी लावू का?’ ही विचारणा मात्र ऐकू येत नाही. शर्टाच्या खिशात पेन, चष्मा आणि एक लहान बॅटरी असते. बॅटरी अत्यावश्यक असते, कारण ज्या व्हरांड्यातले दिवे मालवत ते पुढे जातात, त्याच अंधाऱ्या व्हरांड्यातून त्यांना परत यायचे असते.

या वृत्तीचा उगम घरात सापडतो. माजघरात 40 वॅटचा एक बल्ब आणि रात्रीपुरता झिरोचा दिवा, अशा घरात दिवेमालव्यांचे बालपण गेलेले असते. झिरोच्या दिव्याला वीज लागत नाही, ही त्या काळची घरोघरची श्रद्धा. वास्तविक तो सुमारे 15 वॅट वीज घेई. जुन्या मीटरची चकती एवढ्या किरकोळ विजेची दखल घेत नसे, म्हणून त्याचे नाव झिरो. त्या घरात ‘वीज काय फुकट येते?’ हे वाक्य वडील दिवसातून तीनदा उच्चारत, आणि उत्तराची अपेक्षा ठेवत नसत. पुढे 2000 नंतरच्या दशकात महाराष्ट्राने भारनियमन सोसले. ज्यांनी त्या काळात मेणबत्ती एका हातात आणि लाल पेन दुसऱ्या हातात धरून उत्तरपत्रिका तपासल्या, त्यांच्या मनात वापराविना जळणारा दिवा कायमचा सलत राहिला.

घर आणि विभाग यांत मात्र एक मोठा फरक असतो. घरी बिल येते, विभागात येत नाही. विद्यापीठाची जोडणी उच्चदाबाची, बिल सगळ्या परिसराचे मिळून एक, आणि ते परस्पर वित्त विभागात जाते. म्हणजे ज्याच्या हाताशी बटण असते त्याला बिल दिसत नाही, आणि ज्याला बिल दिसते त्याच्या हाताशी फक्त स्वतःच्या दालनाचे बटण असते. या दोघांच्या मधल्या जागेत दिवे सुखाने जळतात. घरी मुलगा पंखा चालू ठेवून गेला तर अंगणापर्यंत त्याच्यामागे धावणारे गृहस्थ विभागात तीन पंख्यांखाली एकटे बसून वर्तमानपत्र उडते म्हणून तक्रार करतात. दिवेमालव्यांना हा फरक समजलेला नाही. विद्यापीठाचे बिल आपल्याच घरी येणार आहे, अशा समजुतीने ते वागतात. त्यांचे वैशिष्ट्य म्हणावे ते हेच, आणि सहकारी ज्याला त्यांचा विक्षिप्तपणा म्हणतात तोही हाच.

दिवेमालव्यांच्या दिवसात तीन फेऱ्या असतात. सकाळची फेरी व्हरांड्याची: पहारेकऱ्याने रात्री लावलेले दिवे उन्हातही जळत असतात, ते मालवायचे. दुपारची फेरी वर्गांची. शेवटी बाहेर पडणाऱ्याने दिवे-पंखे बंद करावेत, अशी पाटी प्रत्येक वर्गात असते. पण 60 विद्यार्थ्यांच्या वर्गातून शेवटचा विद्यार्थी कधीच बाहेर पडत नाही, सगळे मधलेच असतात. संध्याकाळची फेरी प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि स्वच्छतागृह यांची, आणि ती सर्वांत धोक्याची. स्वच्छतागृहाचे बटण बाहेर आणि माणूस आत, ही बांधकामाची रूढ पद्धत असल्यामुळे, तसेच ग्रंथालयातील संशोधक विद्यार्थी दोन मांडण्यांच्या मधे हालचाल न करता बसत असल्यामुळे, ‘अहो, आत माणूस आहे!’ ही आरोळी या फेरीत वरचेवर ऐकू येते. दिवेमालवे दिवा पुन्हा लावतात, पण आतल्या माणसाने जरा लवकर आटपावे असे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसते.

विद्यापीठीय बटणफलक हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. एका फळीवर 16 बटणे असतात. त्यांपैकी काहींनी दिवे लागतात, काहींनी पंखे, काहींनी काहीच होत नाही, आणि एकाने शेजारच्या खोलीतले काहीतरी बंद पडते. जुन्या वायरमनला यातले सगळे ठाऊक होते, पण ते निवृत्त झाले. दिवेमालवे मात्र वरच्या ओळीपासून सुरुवात करून खोली पूर्ण शांत होईपर्यंत बटणे खाली-वर करतात. एकदा अशा शांततेत जीवशास्त्र विभागातील एका उबवणपेटीतले जिवाणू दगावतात, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या बटणावर ‘प्रयोग चालू आहे, हात लावू नये’ अशी चिठ्ठी लागते. तिची कीर्ती पसरल्यावर ज्यांचा कोणताही प्रयोग चालू नाही तेही आपल्या बटणावर तशीच चिठ्ठी चिकटवतात.

विजेच्या शास्त्राबाबत दिवेमालव्यांचे आणि त्यांच्या विरोधकांचे अज्ञान साधारण सारखेच असते. ट्यूबलाइट लागताना फार वीज खाते, म्हणून ती सारखी बंद करण्यापेक्षा चालू ठेवलेली बरी, असे विरोधक सांगतात. ट्यूब पेटतानाचा जादा ओढा क्षणभराचा असतो, त्याची भरपाई लगेच होते. वारंवार उघडझाप केल्याने जुन्या ट्यूबचे आयुष्य कमी होई एवढे खरे. एलईडीला तीही अडचण नाही. उलट दिवेमालवे पंखा नेहमी दोनवर ठेवून धन्य होतात. खोलीत नवा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल तर बचत खरी. पण बटणांशेजारी डब्याएवढा जुना रेग्युलेटर असेल तर पंख्याची वाचलेली वीज बरीचशी त्या डब्यात उष्णता होऊन जाते. वारा कमी, उकाडा जास्त, बिल जवळपास तेच. संगणकाच्या पडद्यावर स्क्रीनसेव्हर फिरू लागला की वीज वाचते, हीही त्यांची दृढ समजूत. त्या नावातील ‘सेव्हर’ जुन्या काचेच्या पडद्याला एकाच चित्राचा डाग पडण्यापासून वाचवत असे. विजेशी त्याचा काही संबंध नाही.

आता हिशेब. 1000 वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट होते. एलईडी ट्यूब 20 वॅटची धरली आणि दिवेमालव्यांनी ती पाच मिनिटे आधी मालवली, तर असे 600 वेळा केल्यावर एक युनिट वाचते. दीड टनाचा एसी पूर्ण भाराने तासभर चालला की साधारण दीड युनिट जाते. म्हणजे एका दालनातील एका तासाच्या गारव्याची भरपाई करण्यासाठी दिवेमालव्यांना 900 वेळा बटण दाबावे लागते. हा हिशेब त्यांना कोणी सांगत नाही. सांगितला तरी ते 901 व्या बटणाकडे निघालेले असतात.

परंतु हाच हिशेब शनिवारी उलटा फिरतो. जुना छताचा पंखा पूर्ण वेगाने सुमारे 75 वॅट घेतो. एका वर्गात असे आठ पंखे शनिवारी संध्याकाळी पाचला चालू राहिले आणि दाराला कुलूप लागले, तर सोमवारी सकाळी नऊपर्यंतच्या 40 तासांत ते रिकाम्या बाकांना वारा घालत 24 युनिट संपवतात. दिवेमालव्यांनी शनिवारी जाता जाता दारावर कान ठेवला, घरघर ऐकली आणि चावीसाठी शिपायाला अर्ध्या वाटेवरून परत बोलावले, तर पाच-पाच मिनिटांच्या 14,400 मालवण्यांचे पुण्य त्यांना एका फेरीत मिळते. शिपाई या वेळी जे बोलतो ते हिशेबात धरलेले नाही.

दिवेमालव्यांच्या राज्याला सीमा आहेत. जी वीज डोळ्यांना दिसत नाही, ती त्यांच्या लेखी खर्चच होत नाही. जैवविज्ञानाच्या प्रयोगशाळेतला उणे 80 अंशांचा फ्रीझर दिवसाला एका घराइतकी वीज घेतो. उणे 70 अंशांवर बरेचसे नमुने सुरक्षित राहतात आणि विजेचा खर्च चांगलाच उतरतो, म्हणून परदेशांतील अनेक विद्यापीठांनी ती सवय लावून घेतली आहे. दिवेमालवे त्या फ्रीझरवर फाइल ठेवून शेजारचा टेबललॅम्प मालवतात.

दुसरी सीमा अधिकाराची आहे. ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा. त्यानुसार ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो 2002 मध्ये स्थापन झाला. मानांकनाचे तारे लावलेले एसी सुरू होताना आपोआप 24 अंशांवर असावेत, असा नियम 1 जानेवारी 2020 पासून आहे, आणि तापमान एका अंशाने वाढवले तर सुमारे 6 टक्के वीज वाचते असे ब्यूरो सांगतो. तरीही विभागप्रमुखांच्या दालनातला आकडा 18 असतो. खोली लवकर थंड व्हावी म्हणून तो लावलेला असतो. साध्या एसीचा कॉम्प्रेसर मात्र आकडा 18 असो वा 24, सारख्याच जोराने चालतो. 18 वर तो फक्त उशिरापर्यंत थांबत नाही. दिवेमालव्यांना हे पुरते ठाऊक असते. पण रिमोट प्रमुखांच्या खणात असतो, आणि दिवेमालव्यांचा गोपनीय अहवालही त्याच खणात असतो. म्हणून ते दालनाबाहेरचा दिवा मालवून समाधान मानतात.

वर्षातून एक दिवस दिवेमालव्यांना मान मिळतो. 14 डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन. त्या दिवशी सभागृहाचे पडदे प्रोजेक्टरसाठी ओढून घेतले जातात, मग अंधार झाला म्हणून आणि फोटो नीट यावेत म्हणून सगळे दिवे लावले जातात, मग दिव्यांनी उकडते म्हणून एसी वाढवला जातो. प्रमुख पाहुण्यांना शाल-श्रीफळ देण्यात येते, आणि सत्कारातील शाल त्याच कार्यक्रमात उपयोगी पडण्याचा हा दुर्मिळ प्रसंग असतो. विजेच्या बचतीवर दीड तास प्रकाश टाकला जातो. आभार मानले जात असताना दिवेमालवे दाराजवळ उभे असतात. टाळ्या संपण्याआधी पहिली ओळ अंधारात जाते.

विद्यापीठांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार असली की मान थोडा लांबतो. त्या मूल्यांकनात ऊर्जा बचतीच्या उपायांची नोंद मागितली जाते, पुरावा म्हणून जिओटॅग केलेले फोटो जोडावे लागतात, आणि दिवेमालवे समन्वयक होतात. सौरपॅनेल आणि एलईडी यांचे फोटो सहज निघतात. दिवेमालव्यांच्या 30 वर्षांच्या कामाचा फोटो मात्र निघत नाही, कारण मालवलेल्या दिव्याचा फोटो अंधारात येत नाही. शेवटी दिवा लावून, त्याच्या बटणावर तर्जनी ठेवून उभे असलेल्या दिवेमालव्यांचा फोटो अहवालात जातो.

दिवेमालव्यांचे काही उपप्रकार नोंदवले गेले आहेत. ‘परिपत्रकी’ दिवेमालवे स्वतः बटण दाबत नाहीत. दिवे बंद ठेवण्याबाबत सर्व विभागांना रंगीत छापील सूचना काढतात. ‘गृहिणी’ शाखेतील मॅडम चहाच्या किटलीचे पाणी चार कपांचे असताना आठ कपांचे उकळू देत नाहीत, आणि बचतीच्या दृष्टीने ही शाखा अधिक शास्त्रशुद्ध आहे. ‘तरुण’ दिवेमालवे हा दुर्मिळ प्रकार असून तो 75 वॅटच्या पंख्याजागी 30 वॅटच्या आसपास चालणारा बीएलडीसी पंखा बसवण्याचा प्रस्ताव देतो. प्रस्तावावर निविदा, तुलनात्मक तक्ता आणि त्रुटीपूर्तता होईपर्यंत तोही तरुण राहत नाही.

दिवेमालवे निवृत्त झाल्यावर व्हरांड्यातले दिवे काही महिने दिवसरात्र जळतात. हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण लक्षात येण्याचे काम ज्यांचे होते तेच गेलेले असतात. पुढे केव्हातरी निधी मिळतो आणि सेन्सर बसतात. माणूस हालला की त्याच्या अंगच्या उष्णतेवरून सेन्सर दिवा लावतो, हालचाल थांबली की मालवतो. त्यामुळे चिंतनशील प्राध्यापकांना दर दहा मिनिटांनी डोक्यावर हात हलवून आपण हयात असल्याचे दाखवावे लागते.

निवृत्त दिवेमालवे पेन्शनच्या कागदासाठी कधीतरी विभागात येतात. व्हरांड्यात अंधार असतो. तो पाहून त्यांना बरे वाटते. ते पाऊल टाकतात आणि डोक्यावरचा दिवा लागतो. विभागात त्यांच्या येण्याने दिवा लागण्याची ही पहिलीच वेळ असते. ते सवयीने भिंतीकडे हात नेतात, तर जुन्या फळीच्या जागी गुळगुळीत गिलावा असतो. मग ते तिथेच, श्वाससुद्धा जपून घेत, दिवा मालवेपर्यंत स्तब्ध उभे राहतात.