नारळ हाती आल्यावर: नवोदितांसाठी मार्गदर्शिका

नोकरी जाण्याची पूर्वसूचना हल्ली कॅलेंडरमध्ये येते. ‘क्विक कनेक्ट’ नावाची पंधरा मिनिटांची मीटिंग, अजेंडा कोरा, आणि निमंत्रितांत मॅनेजरशेजारी एचआरचे एक अनोळखी नाव. ज्या कंपनीत साधा माउस बदलून घ्यायला तिघांची मंजुरी लागते, तिथे तुमचा निकाल पाव तासात लागतो, याचे कौतुक करावे. ‘हा निर्णय तुमच्या कामगिरीशी संबंधित नाही’ असे सांगतील. मग दर एप्रिलला अप्रेजलमध्ये कामगिरीवरून एवढा काथ्याकूट कशासाठी चालत होता, हा प्रश्न पोटात ठेवावा. चेहरा रुखवत बघणाऱ्या व्याह्यासारखा ठेवावा: प्रसन्न, पण काही कबूल न करणारा.

इथून पुढे जरा सावध. आता तुम्हाला आपुलकीने सुचवले जाईल की राजीनामा तुम्हीच द्या, रेकॉर्डवर बरे दिसते. कुणाच्या रेकॉर्डवर, हे विचारण्याचे धाडस करावे. पोर्टलवर ‘वैयक्तिक कारण’ या पर्यायावर टिचकी मारण्याआधी किती महिन्यांचा पगार, शिल्लक रजांचे पैसे, ग्रॅच्युइटी आणि अनुभवपत्र हे सगळे लेखी घ्यावे, आणि ते स्वतःच्या खाजगी ईमेलवर. ऑफिसचा ईमेल संध्याकाळी तुमच्याआधी निरोप घेतो. एकदा राजीनामा दिला की कामगार आयुक्तांच्या कार्यालयात गेलात तरी पहिला प्रश्न हाच, की तुम्ही स्वतः सोडली ना?

प्राप्तिकर खात्यालाही हा विनोद ठाऊक आहे. पाच वर्षे सलग नोकरी होण्याआधी पीएफ काढला तर त्यावर कर लागतो. पण नोकरी कर्मचाऱ्याच्या हाताबाहेरच्या कारणाने गेली असेल, तर सूट आहे. आता ज्याने ‘वैयक्तिक कारण’ असे स्वहस्ते नोंदवले, त्याने ते कारण हाताबाहेरचे कसे ठरवायचे? आणि कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलीच नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटल्यावर ती तारीख पोर्टलवर सभासदाला स्वतः भरता येते. आपल्या नोकरीचा मृत्यूदाखला आपणच भरायचा, इतकी सोय सरकारने केली आहे. कंपनीचा आरोग्य विमाही साधारण नोकरीबरोबरच संपतो. आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणून ठेवले असेल, तर तोच विमा वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळेल का, हे शेवटच्या दिवसाआधी विचारावे, नंतर नव्हे.

जमेची बाजूही पाहावी. महाराष्ट्रात दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापला जात होता, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५०० रुपये सरळ वाचले. घराचा हप्ता पन्नास हजार असेल तर उरलेल्या रकमेची सोय तेवढी बघावी लागेल.

कागदपत्रे इथे संपली. खरे काम पुढे आहे: माणसे.

बायकोला (किंवा नवऱ्याला) त्याच दिवशी सांगावे. रोज सकाळी डबा घेऊन, गळ्यात जुने आयकार्ड अडकवून बाहेर पडण्याची एक थोर परंपरा आपल्याकडे आहे, पण पुण्यात ती निभावत नाही. बाणेरच्या टेकडीवर सकाळी अकराला गेलात तर तिथे निवृत्त मंडळी भेटतात, आणि त्यांना विचारायला वेळच वेळ असतो. मेट्रोत वनाज ते रामवाडी गारव्यात छान जाता येते, पण रामवाडीला उतरून करायचे काय? शिवाय जोडीदाराला तुमच्या सांगण्याची गरज नसते. एक तारखेला पगाराचा मेसेज आला नाही, हे जॉइंट खाते सांगतेच.

त्याआधी कळते ते कामवाल्या मावशींना.

“दादा, आज पण घरीच?”

“वर्क फ्रॉम होम आहे, मावशी.”

“मग लॅपटॉप कुठाय?”

या प्रश्नावर या मार्गदर्शिकेकडे उत्तर नाही. दुपारपर्यंत बातमी बी विंगमध्ये पोचलेली असते. तेव्हा खोटे बोलण्यात दिवस घालवू नये. तेवढ्या वेळात चार ठिकाणी अर्ज होतात.

घराण्यात गिरणगावातले कुणी काका असतील तर त्यांच्यासमोर ‘लेऑफ’ हा शब्द जपून काढावा. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार होते, आणि तो संप रीतसर मागे घेतल्याचे काकांनी अजून ऐकलेले नाही. ते तुम्हाला एकच विचारतील: “तुमची युनियन काय म्हणते?” आमच्यात युनियन नसते, आम्ही कामगार नव्हे, प्रोफेशनल असतो, असे सांगून बघावे. काका वाद घालत नाहीत. चहा पुढे करतात.

सल्ल्यांचे प्रकार फार नाहीत. आतेभाऊ मिसळीचे दुकान काढायला सांगतो, कारण ‘मार्जिन आहे’. त्याने स्वतः मात्र बँकेतली नोकरी सोडलेली नाही. मेव्हणा एआय शिकायला सांगतो. सोसायटीचे चेअरमन ‘आता वेळ आहेच’ म्हणत पाण्याच्या टाकीचे काम गळ्यात मारतात. लग्नाकार्यात ‘सध्या कुठे?’ या प्रश्नाला ‘कन्सल्टिंग’ हे उत्तर द्यावे. त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो आणि कुणी पुढे विचारत नाही, असा सभ्य शब्द दुसरा नाही.

लिंक्डइनवर फोटोभोवती हिरवे कडे लावायचे की नाही, यावर मतभेद आहेत. लावावे. लाजून काम मिळाल्याचे ऐकिवात नाही. मात्र ‘अकरा वर्षांच्या अविस्मरणीय प्रवासाबद्दल कृतज्ञ आहे’ छापाची पोस्ट टाकू नये. तिच्यावर टाळ्या वाजवणाऱ्यांत तुम्हाला काढणारा मॅनेजर पहिला असतो.

मुलाखतीत एचआर आधी नोटीस पीरियड विचारते. नव्वद दिवस म्हणणाऱ्यांना कंटाळलेली ती मुलगी तुमचे ‘उद्या येतो’ ऐकून खूश होते, आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या आवाजात संशय येतो: “उद्या? म्हणजे सध्या कुठेच नाही?” इथे सरळ सांगून टाकावे की टीमच बंद झाली. तिच्या ओळखीतही असे दोघे-तिघे असतात.

आणि ऑफर लेटर आले की पगाराच्या आकड्याआधी नोटीसचे कलम वाचावे. तुम्ही सोडलीत तर किती दिवस, त्यांनी काढले तर किती, हे दोन्ही आकडे काकांना मोठ्याने वाचून दाखवावेत. ते पुन्हा युनियनचे विचारतील. पेढे प्रोबेशन संपल्यावर वाटावेत. तोवर ‘कन्सल्टिंग’ चालू द्यावे.