सरकत्या जिन्याचा हिशेब

23 सप्टेंबर 2025 रोजी न्यूयॉर्कमधल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयात डोनाल्ड ट्रम्प आणि मेलानिया ट्रम्प यांनी सरकत्या जिन्यावर पाऊल ठेवलं आणि जिना थांबला. आपल्या रेल्वे स्टेशनांवर हे नेहमीच घडतं. आपण पिशव्या उचलतो आणि मुकाट्याने चढू लागतो. तिथे मात्र घातपाताचा संशय आला, चौकशीची मागणी झाली. राष्ट्रसंघाने अदबीने खुलासा केला, की पुढे उलट्या पावलांनी चढत चित्रीकरण करणाऱ्या अमेरिकी पथकातल्याच माणसामुळे बहुधा सुरक्षेची कळ दाबली गेली असावी. भाषणाचा टेलिप्रॉम्प्टरही बिघडला होता. पण तो व्हाइट हाऊसचीच माणसं चालवत होती.

खरं तर जिना चालू होता, हेच आश्चर्य. 2019 च्या ऑक्टोबरात पैसे संपले म्हणून याच इमारतीतले सरकते जिने बंद ठेवले होते. हीटर मंदावले, आणि राजदूतांचा बार संध्याकाळी पाचला बंद होऊ लागला. जागतिक शांततेला खरा धोका कशाने असेल तर तो या शेवटच्या निर्णयाने.

राष्ट्रसंघ वर्गणीवर चालतो. आपलं गणपती मंडळ चालतं तसाच. फरक एवढाच, की पावतीपुस्तक घेऊन दारात उभी राहणारी चार दांडगी पोरं त्यांच्याकडे नाहीत. तिथे सरचिटणीस वर्षाच्या सुरुवातीला पत्र पाठवतात: तीस दिवसांत रक्कम भरावी. वेळेत भरणाऱ्यांची नावं सन्मानाच्या यादीत लागतात. भारत त्या यादीत बहुतेकदा असतो. वर्गणी आधी भरून मग मांडवात खुर्चीसाठी ताटकळायचं, ही आपली जुनी सवय.

आता रक्कम ऐका. 2025 चं नियमित अंदाजपत्रक होतं 3.72 अब्ज डॉलरचं, म्हणजे साधारण 32 हजार कोटी रुपये. शांतिसेनेचा हिशेब वेगळा. त्याच वर्षी आपल्या मुंबई महापालिकेचं अंदाजपत्रक होतं 74 हजार 427 कोटींचं. 193 देश मिळून अख्ख्या जगाच्या भल्यासाठी जेवढं काढतात, त्याच्या दुपटीहून जास्त एकटी मुंबई काढते. तरी रस्त्यावर खड्डे आहेतच. तेव्हा सीरिया आणि सुदानचं काय होणार, याचा अंदाज मुंबईकराला तरी कुणी समजावून सांगायला नको.

वर्गणीत अमेरिकेचा वाटा 22 टक्के. 1946 साली तो जवळजवळ 40 टक्के होता. तो उतरत 25 वर आला आणि 2001 पासून 22 झाला. त्या वेळी पडलेली तूट टेड टर्नर या उद्योगपतीने खिशातून भरली. महासत्तेची वर्गणी गल्लीतल्या शेठने भरावी, असा तो प्रकार. सर्वांत गरीब देशाचा वाटा 0.001 टक्का, म्हणजे वर्षाला तीसेक लाख रुपये. दादरला एवढ्यात मोटार लावायला जागा मिळेल की नाही, शंका आहे. तिथे आमसभेत मत मिळतं, अमेरिकेइतकंच, अगदी एक.

2025 संपलं तेव्हा थकबाकी 1.57 अब्ज डॉलर होती, आणि तिच्यातला बहुतेक वाटा 22 टक्केवाल्यांचा. इथून पुढे जे आहे ते आमच्या मंडळाच्या खजिनदाराला सांगितलं, तर तो उभ्या उभ्या राजीनामा देईल. नियम असा, की वर्षअखेर न खर्चलेले पैसे सदस्यांना परत द्यायचे. वाचायला किती सोज्वळ! पण वर्गणी आली नाही म्हणून खर्च झाला नाही, तरी हिशेबात ती रक्कम ‘न खर्चलेली’च ठरते. मग ती पुढच्या वर्गणीतून वजा होते. म्हणजे जे पैसे आलेच नाहीत, ते परत करायचे. आणि त्यात वाटेकरी सगळेच, न भरणारेही. मांडवच घातला नाही, म्हणून मांडवाचे पैसे परत द्या, आणि जो छदामही देत नाही त्यालाही द्या! सरचिटणीस अँटोनियो गुटेरेस याला काफ्काच्या कादंबरीत शोभेल असं चक्र म्हणतात. बिचाऱ्यांनी आमच्या सोसायटीची वार्षिक सभा पाहिलेली नाही.

थकबाकीदारांना शिक्षा नाही असं नाही. सनदेचं कलम 19 सांगतं, की दोन पूर्ण वर्षांच्या वर्गणीएवढी बाकी झाली तर आमसभेतलं मत जाईल. 2022 च्या जानेवारीत इराणचं गेलं. इराणकडे पैसे होते, पण ते निर्बंधांमुळे दक्षिण कोरियात अडकलेले. शेवटी अमेरिकेच्या परवानगीने त्या पैशांतूनच वर्गणी भरली गेली. स्वतःच्या पैशाने वर्गणी भरायला परवानगी लागली, तीही सर्वांत मोठ्या थकबाकीदाराची.

मोठ्यांना मात्र हे कलम लागू पडताना त्याची प्रकृती बिघडते. काँगोतल्या शांतिसेनेचा खर्च देणार नाही, असं सोव्हिएत संघ आणि फ्रान्सने ठणकावलं. हा खर्च संघटनेचाच आहे, असं मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 1962 साली दिलं. तरी हे दोघे ढिम्म. 1964 च्या अधिवेशनात कलम लावायची वेळ आली, तेव्हा आमसभेने उपाय काढला: मतदानच टाळायचं! मत द्यायचंच नाही, तर कुणाचं गेलं हे ठरवणार कोण? ते अधिवेशनही नेमकं एकोणिसावं. 1965 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आग्रह सोडला, पण तिचे प्रतिनिधी आर्थर गोल्डबर्ग यांनी बजावलं, की इतरांना ही सूट असेल तर तीच सूट आम्हीही राखून ठेवतो. अमेरिकेने दिलेल्या शब्दांपैकी इतक्या निष्ठेने पाळलेला दुसरा कोणता, मला तरी आठवत नाही.

पैसे आटले की पहिला फटका बसतो तो सैनिक पाठवणाऱ्या देशांना. भारत, नेपाळ, रवांडा यांचे सैनिक आधी पोहोचतात, त्यांचा परतावा मागून रखडत येतो.

2019 मध्ये जिन्यांबरोबर मुख्यालयासमोरचं कारंजंही बंद केलं होतं. ते 1952 साली अमेरिकेतल्या शाळकरी मुलांनी पैसे गोळा करून भेट दिलेलं. मुलांनी आपली वर्गणी मात्र पूर्ण भरली होती.