क्रियापदाची चुगली

पुरुषाने स्त्रीचे रूप घेणे हा प्रकार महाराष्ट्रास नवा नाही. किंबहुना ज्या प्रांतात ज्ञानदेवांनी विरहिणीच्या मुखाने विठ्ठलाची आळवणी केली, शाहिरांनी भरदार पुरुषी गळ्यातून नायिकेचे रुसवे गाइले आणि १९११ साली खाडिलकरांच्या ‘मानापमाना’त बालगंधर्व भामिनी होऊन अवतरले, त्या प्रांतात आमच्या दोंडाईच्याच्या मिरची बाजारातील एका दिवाणजींनी फेसबुकावर ‘मधुमालती’ हे नाव धारण केले, यात परंपराभंग असा काही झालाच नाही. बालगंधर्वांना शालू, दागिने आणि तासन्‌तास रंगभूषा लागे. दिवाणजींना तसबिरीच्या जागी जास्वंदीचे एक फूल पुरले. भरघोस मिशा आणि मिरचीच्या खकाण्याने कायमचा बसलेला आवाज या दोन्ही गोष्टी लेखनात दिसत नाहीत, ही या विद्येची मोठीच सोय.

हेतूविषयी तहकीकात केली असता एवढेच निष्पन्न झाले की, मजकूर इसमाच्या पावसावरील कवितेस स्वतःच्या नावाने मेहुण्याखेरीज कोणी दाद दिली नव्हती, आणि तीच कविता मधुमालतीच्या नावे प्रसिद्ध होताच सुरतेपासून भुसावळपर्यंतच्या रसिकांना एकाएकी पाऊस आवडू लागला.

खरी अडचण होती व्याकरणाची. ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने १९५० साली यंत्राच्या बुद्धीविषयी जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्याच्या आरंभीच एक खेळ वर्णिला आहे: दुसऱ्या खोलीत एक पुरुष व एक स्त्री, उत्तरे टंकलिखित, आणि त्यांतील स्त्री कोणती हे परीक्षकाने ओळखायचे, पुरुषाने मात्र त्याची दिशाभूल करायची. पुढे पुरुषाच्या जागी त्याने यंत्र बसविले, ही गोष्ट अलाहिदा. हा खेळ इंग्रजीतच रंगावा. मराठीत तो पहिल्या ‘येतो’वर आटोपला असता, कारण आमचे क्रियापद हे घरातील फितूर कारकुनासारखे सर्व दफ्तर बाहेर नेऊन ठेवते. दिवाणजी मात्र खातेवहीत मुरलेले गृहस्थ. ‘मी कविता लिहिली’, ‘मी भाकरी खाल्ली’ अशा वाक्यांत क्रियापद कर्माच्या तंत्राने चालते आणि कर्त्याविषयी अवाक्षर काढीत नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. तेव्हापासून मधुमालती कधी आली नाही, गेली नाही, हसली नाही की रडली नाही. तिने फक्त खाल्ले, पाहिले, वाचले, लिहिले. कर्मणी प्रयोगाचा इतका निष्ठावंत उपासक मी दुसरा पाहिला नाही.

परंतु माणसाचा धंदा त्याच्या व्याकरणाहून बलवत्तर असतो. कोणा अर्धवटाने लाल मिरचीचा भलताच भाव लिहिला, आणि दिवाणजींचा संयम सुटून मधुमालती गरजली: ‘साफ खोटे! मी आत्ताच बाजारातून आलो!’ सर्वनाश झाला, असे समजून ते घामाघूम झाले. दोनच मिनिटांत एका चाहत्याचा प्रेमळ सवाल आला: ‘आपण कोल्हापूरकडच्या का?’ तिकडील बायका ‘आलो-गेलो’ म्हणतात हे त्या भल्या माणसास ठाऊक होते. ज्यास भुलायचेच आहे, त्याच्यापुढे पाणिनीही हतबल.

मधुमालतीस येणाऱ्या पत्रव्यवहाराची कैफियत मात्र इतकी गमतीची नाही. सकाळी फुले, दुपारी फोननंबराची मागणी, आणि रात्री अकरानंतर ‘जेवलीस का?’ हा प्रश्न इतक्या इसमांकडून की, पन्नास वर्षांच्या आयुष्यात दिवाणजींच्या जेवणाची एवढी चौकशी कोणी केली नव्हती. उत्तर न दिल्यास शिव्या. त्यांत बाजारातीलच एक प्रतिष्ठित शेठ निघाले. ‘मानापमान’कर्त्या खाडिलकरांच्याच ‘कीचकवध’ नाटकावर इंग्रज सरकारने १९१० साली बंदी घातली ती राजकीय कारणास्तव, पण काळोखात सैरंध्री समजून भीमाच्या खांद्यावर हात ठेवणाऱ्या कीचकाचे मुखकमल कसे झाले असेल, ते मी दुसऱ्या दिवशी लिलावाच्या वेळी प्रत्यक्ष पाहिले. दिवाणजींनी हात जोडून अदबीने एवढेच विचारले, ‘शेठ, रात्री जेवलात का?’

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-डी अन्वये संगणकावर तोतयेगिरी करून फसवणूक करणारास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड आहे. दिवाणजींनी कोणाचा पैसा बुडविलेला नाही, सबब त्यांस माझ्या मते भीती नाही. तरी समस्त रसिकांस नम्र अर्ज की, मधुमालतीबाईंस रात्री संदेश धाडू नयेत. दिवाणजी नऊ वाजता झोपतात, आणि त्यानंतरची उत्तरे त्यांच्या सौभाग्यवती देतात.