पंखवाल्या दाराचा धनी

जुन्या मोटारींच्या शौकिनांमध्ये अनेक पोटजाती असल्या, तरी डेलोरियन गाडीच्या धन्याची चिकाटी त्यांपैकी कोणालाही साधलेली नाही. उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टजवळच्या डनमरी येथे १९८१च्या सुमारास ही गाडी बनू लागली, जेमतेम ९,००० नग तयार होतात न होतात तोच कंपनीचे दिवाळे वाजले, आणि पुढे १९८५ साली ‘बॅक टू द फ्यूचर’ या चित्रपटाने तिला काळप्रवासाचे यंत्र करून टाकले. तिची दारे गल-विंग पद्धतीची, म्हणजे छताला बिजागऱ्या असलेली आणि वर उघडणारी आहेत. बहुतेक गाड्या अमेरिकेत विकल्या गेल्यामुळे हा धनीही प्रामुख्याने तिकडचाच असतो. लोक गाडी चालवण्यासाठी दार उघडतात. हा गृहस्थ दार उघडता यावे म्हणून गाडी चालवत बाजारपेठेपर्यंत जातो.

अर्थात दार उघडले तर. थंडी पडली की त्याच्या मुद्रेवर काळजी दिसू लागते. दार वर ढकलणारा गॅस स्ट्रट, म्हणजे दाबाखालचा वायू भरलेली दट्ट्याची नळी, गारठ्यात ढिला पडतो आणि वर गेलेले दार नेमके पाहुण्याच्या टाळूवर उतरते. अशा वेळी धनी प्रथम दाराला काही लागले का ते पाहतो. मग पाहुण्याला तो समजावतो की दाराचा खरा भार टॉर्शन बारवर, म्हणजे छताच्या मधल्या पट्टीत बसवलेल्या, ओला पंचा पिळावा तसा पीळ दिलेल्या पोलादी दांड्यावर असतो, आणि हे दांडे चंद्रावर माणसे उतरवणारे यान बनवणाऱ्या ग्रुमन कंपनीने द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत पीळ देऊन घडवले होते. टाळू चोळणाऱ्याला या वंशावळीने कितपत दिलासा मिळतो, याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

जाणता धनी आधी नवे स्ट्रट बसवतो आणि मगच दांड्याकडे वळतो, कारण मरू घातलेल्या स्ट्रटची कसर पीळ वाढवून भरून काढणे हा या पंथात अधर्म समजला जातो. दांड्याचे दातेरी टोक खास तरफेने सोडवून दोनचार दाते पुढे सरकवायचे असते. त्यात साठलेला जोर एवढा असतो की हात निसटल्यास तरफ थेट दात मोजायला येते. म्हणूनच एरवी शेजाऱ्याला गाडीला बोटही लावू न देणारा हा मनुष्य त्या दिवशी त्याला आग्रहाने दार धरायला बोलावतो. (बोट न लावू देण्यामागे कारण आहे: गाडीच्या उघड्या स्टेनलेस स्टीलवर रंग नसल्याने प्रत्येक ठसा उमटतो आणि तो काढताना पत्र्याच्या रेघांच्या दिशेनेच घासावे लागते.)

पीळ जमला तरी कुलपे उरतातच. प्रत्येक दाराला पुढे आणि मागे अशी दोन कुलपे असून एकाच मुठीने दोन्ही एकदम सुटावी लागतात. त्यांना जोडणाऱ्या सळ्यांची लांबी किंचित चुकली, तर पुढचे सुटते, मागचे अडून बसते आणि माणूस आत राहतो. खिडकी खाली घ्यावी तर तिचा उघडणारा भाग टोलचे पैसे देण्यापुरताच. आत अडकलेल्या पत्नीला धनी बाहेरून धीर देतो, “दोन मिनिटं, फक्त एक नट फिरवायचा आहे.” ही दोन मिनिटे संपेपर्यंत भोवती गर्दी जमते, गाडी भविष्यात केव्हा जाणार असे कोणीतरी विचारते, आणि तो, हातात पाना घेऊनच, हा प्रश्न प्रथमच ऐकल्यासारखा हसतो.

अखेरीस एका रविवारी दोन्ही दारे विनातक्रार वर जातात. धनी चार पावले मागे सरतो, एक डोळा मिटून पाहतो आणि डावे दार उजव्याहून बोटभर खाली राहिल्याचे जाहीर करतो. शेजाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात, पण हे बोलून दाखवण्याइतका तो आता नवखा राहिलेला नसल्यामुळे तो निमूटपणे पुन्हा दार धरतो.