काकांचा गुडघा

शिकागोच्या उपनगरांत उन्हाळ्यातल्या संध्याकाळी ऑफिसांच्या ज्या मिश्र सॉफ्टबॉल टीम खेळतात, त्यांतल्या प्रत्येकीत एक नियमवाला असतो. आमच्या टीमचा नियमवाला डोंबिवलीचा निघाला. त्यांना गोरी मंडळीसुद्धा 'काका' म्हणतात. वय साठीच्या अलीकडे, पोट पलीकडे. सॉफ्टबॉल याच शहरात, १८८७ साली, बॉक्सिंगचा हातमोजा आणि झाडूचा दांडा घेऊन सुरू झाला, हे ते प्रत्येक नव्या खेळाडूला ऐकवतात. सूर असा, की दांडा त्यांच्याच घरून गेला होता.

काका फटका झकास मारतात. मग देवळाच्या रांगेत असल्यासारखे पहिल्या बेसपर्यंत सरकतात, बेसवर पाय टेकला की गुडघा धरतात आणि पंचाला हात करतात : "कर्टसी रनर!" म्हणजे आपला गल्लीतला बायरनर. आयसीसीने २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून रनर हद्दपार केला, तेव्हापासून काकांनी क्रिकेटशी अबोला धरलाय, असं काकू सांगतात. हाच गुडघा गणपतीत तासभर लेझीम खेळतो, हेही काकूच सांगतात. पण आमच्या लीगमध्ये दुखणं सिद्ध करावं लागत नाही. मागितला की रनर मिळतो.

काकांचं खरं सुख मात्र बॅटिंगच्या क्रमात आहे. एक पुरुष, एक बाई, असा क्रम लिहिलेलं कार्ड ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून जवळ बाळगतात, समोरच्या टीमचंसुद्धा. एकदा त्यांच्या चौथीच्या जागी सहावी बॅटिंगला आली. आमचा एक पोरगा ओरडणार, तोच काकांनी त्याचं मनगट आवळलं. "गप्प! आत्ता बोललास तर चौथी येईल आणि झालेल्या बॉल-स्ट्राइकवरून पुढे खेळेल. आपल्याला काय मिळालं? मारू दे तिला." तिने मारला, पोचली. पुढचा चेंडू पडायच्या आत काकांनी अपील ठोकलं. सहावी बेसवरून परत आणि बाकावर चिप्स खात बसलेली चौथी आउट! बिचारीला ते कुणीतरी समजावून सांगावं लागलं. काका त्या रात्री दोन पोळ्या जास्त जेवले म्हणे.

परवाच्या मॅचमध्ये शेवटची इनिंग, आम्ही एका रनने मागे, दोघे आउट. काकांनी सिंगल मारला, गुडघा धरला. कॅप्टनबाईंनी घाईघाईत सगळ्यांत चपळ असा तो पुण्याचा पोरगा पाठवला. काका तेवढ्यात पंचाला चेंडूची कमान किती उंच हवी, ते समजावत होते. पुढच्या बाईने चेंडू असा मारला, की पोरगा थेट तिसऱ्या बेसवर. आता बॅटिंगला कोण? तोच पोरगा! पंचाने कार्ड पाहिलं आणि अंगठा वर केला. ज्याची बॅटिंग आली तो रनर म्हणून बेसवर असेल, तर आउट. मॅच खलास.

आमची अख्खी टीम पंचावर धावून गेली. सगळ्यांच्या पुढे काका, एका हातात नियमांचं पुस्तक, असे सुसाट की कॅप्टनबाई मागे पडल्या. पोचले आणि पंचाच्या बाजूने उभे राहिले. "बरोबर आहे! एकदम बरोबर!" त्यांनी पंचाचा हात हातात घेऊन गदागदा हलवला.

पुण्याचा पोरगा तिसऱ्या बेसवरून हे बघत होता. म्हणाला, "काका, मग मला कशाला पळवलंत?"