अंत्य स्वराचा दरबार

मलय भाषेच्या उच्चारविचारासाठी क्वालालंपूरला भरणाऱ्या विद्वत्परिषदांत, उपस्थित मानकऱ्यांचे किताब आणि हुद्दे यथाक्रम उच्चारून झाल्याखेरीज, कोणत्याही स्वराची चर्चा आरंभत नाही. आणि तोवर निबंधवाचकाच्या वाट्याची बरीच मिनिटे खर्ची पडलेली असतात. शब्दान्ती लिहिलेला ‘आ’ जोहोरच्या वळणाने अस्फुट उच्चारावा की लिपीबरहुकूम मोकळा, हा तंटा सरकारने १९८८ मध्ये मोकळ्या ‘आ’च्या बाजूने निकाली काढला, आणि २००० च्या सुमारास तोच हुकूम यथासांग मागे घेतला. या अवधीत केडाचा भातशेतकरी वाडवडिलांचा मोकळा ‘आ’ आणि केलांतानचा कोळी आपला ‘ऑ’ बिनदिक्कत उच्चारीत राहिला. पैकी पहिला बारा वर्षे प्रमाणशुद्ध ठरला व पुढे पुन्हा ग्राम्य झाला, याची वर्दी मात्र त्याला कोणी दिली नसावी. समारोपास पांतुन म्हणण्याची प्रथा आहे. या चौचरणी रचनेत पहिल्या दोन चरणांचा पुढच्या दोहोंशी उघड अर्थसंबंध असावाच असा दंडक नाही, यमक जुळले की पुरे. चर्चा आणि ठराव यांचे नाते परिषदेने याच थोर परंपरेतून घेतले असून, संस्कृतिसंवर्धनाचा याहून सबळ पुरावा मागणे हा उद्धटपणाच होईल.