निळेपंतांचा नोव्हेंबर

निळेपंत हे नाव लेक्सिंग्टनमधल्या आम्हा चार मराठी घरांनी ठेवलेलं. खरं नाव काहीही असो, केंटकी विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा रंग निळा, म्हणून यांची टोपी निळी, जाकीट निळं, गाडीही निळीच. प्रत्येक गल्लीत असा एक असतो. काही गल्ल्यांत तर निळेपंत नसलेला माणूस शोधावा लागतो.

पंत त्या विद्यापीठात शिकलेले नाहीत. त्याची गरजही नसते. केंटकी राज्याला एनबीएचा संघ नाही, एनएफएलचा नाही. जो काही जीव लावायचा तो कॉलेजच्या पोरांवर. ऑक्टोबरात संघाचा नुसता सराव बघायला त्याचं घरचं मैदान, रप अरीना, भरतं. त्या सरावाच्या तिकिटांसाठी लोक तंबू ठोकून राहत आले आहेत. पंतही एके काळी राहिले. आता गुडघे परवानगी देत नाहीत, त्यामुळे ते घरच्या सोफ्यावरूनच काळजी करतात.

‘यंदा संघ कसा आहे?’ हा प्रश्न पंतांना नोव्हेंबरात विचारू नये. विचारलाच, तर आधी एक उसासा येतो. मग ‘वाईट नाही’. मग पाऊण तास ‘पण’.

मोसमाचे पहिले सामने बहुतेक छोट्या कॉलेजांशी असतात. यात एक व्यवहार असतो. मोठं विद्यापीठ छोट्याला पैसे देऊन बोलावतं, छोटे बिचारे बसमधून येतात, हरतात आणि बिदागी घेऊन परत जातात. अशा सामन्यात केंटकी चाळीस गुणांनी जिंकली की पंत जास्त अस्वस्थ होतात. ‘अहो, समोर उंच माणूस होता का एक तरी? टेनेसीशी गाठ पडली की कळेल.’ आठ गुणांनी जिंकली, तर ‘मी म्हणत नव्हतो?’ आणि हरली, तर पंतांच्या चेहऱ्यावर मुलीचं लग्न उरकल्यासारखं समाधान पसरतं. आता निदान कुणी खोट्या आशेवर राहणार नाही.

पूर्वी पंतांना एक आधार होता: गेल्या वर्षीची पोरं. ती कशी खेळतात ते माहीत असायचं. एनबीएने २००६ पासून वयाची अट घातली आणि हुशार पोरं कॉलेजात एकच वर्ष काढून पुढे जाऊ लागली. मग २०२१ पासून एका विद्यापीठातून दुसऱ्यात पहिल्यांदा जायला वर्षभर बाहेर बसण्याची अट गेली आणि खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावण्याची मुभाही मिळाली. २०२४ साली तर कोच कॅलिपारी आर्कान्सॉ विद्यापीठाकडे निघून गेले, त्यांच्या जागी मार्क पोप आले, आणि शिष्यवृत्तीवरचा जुना खेळाडू एकही उरला नाही. पंतांना नावांची यादी फ्रिजवर चिकटवावी लागली. नावं पाठ होईस्तोवर फेब्रुवारी उजाडतो. पण नाव माहीत नसताना दोष माहीत असणं ही पंतांची खासियत. ‘तो उंचसा, केस वाढवलेला... त्याला डावा हातच नाही हो!’

अलीकडे ते आकडेही वापरतात. केन पॉमरॉय नावाच्या गृहस्थांची क्रमवारी ते पहाटे चहाआधी बघतात. मोसमाच्या सुरुवातीला त्या आकड्यांत खेळ सुरू होण्याआधी बांधलेला अंदाजही मिसळलेला असतो, हे पंतांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून केंटकी वर असली की ‘आत्ताच्या आकड्यांना काय अर्थ आहे?’ आणि खाली असली की ‘आकडे खोटं बोलत नाहीत.’

पंतांशी वाद घालायची सोय नाही, कारण इतिहास दोन्ही बाजूंनी त्यांच्या मदतीला धावतो. २०१३ च्या मोसमाआधी गावात ‘४०-०’ छापलेले टी-शर्ट निघाले होते. सामने बरोबर ४०च झाले, त्यांतले ११ हरले. पण आठव्या मानांकनावरून तोच संघ थेट राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जाऊन बसला! पुढच्या वर्षी ओळीने ३८ जिंकले आणि एकोणचाळिसावा विस्कॉन्सिनकडून गमावला. २०१८ मध्ये ड्यूकने पहिल्याच सामन्यात ११८-८४ असं धुतलं. पंतांनी त्या रात्री मोसम संपल्याचं जाहीर केलं. संघ मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या आठांत होता. आठ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलेल्या संघाच्या चाहत्याकडून थोडा आत्मविश्वास अपेक्षित असतो, पण पंतांना त्या आठांची सालं आठवायला बोटं मोजावी लागतात. १९९२ मध्ये ड्यूकच्या लेटनरने शेवटच्या क्षणी केंटकीवर मारलेला बास्केट मात्र ते झोपेतून उठवलं तरी सेकंदासकट सांगतील. माझ्या मते त्यांना संघाच्या भवितव्याची चिंता नसतेच. दुःख अचानक येऊ नये एवढीच त्यांची इच्छा असते, म्हणून ते त्याला नोव्हेंबरातच घरी राहायला बोलावतात.

या शास्त्राचा कळस म्हणजे २०१९. मोसमाच्या पहिल्याच रात्री केंटकीने पहिल्या क्रमांकाच्या मिशिगन स्टेटला हरवलं आणि स्वतः पहिल्या क्रमांकावर गेली. आयुष्यात एकदाच पंत गाफील राहिले. ‘यंदा जमलंय’ असं चारचौघांत बोलून गेले. १२ नोव्हेंबरला इव्हान्सव्हिल नावाचं छोटं विद्यापीठ हरायला म्हणून रप अरीनात आलं आणि ६७-६४ असं जिंकून बिदागीसकट घरी गेलं. त्यांचा कोच वॉल्टर मॅकार्टी हा केंटकीच्याच १९९६ च्या विजेत्या संघातला. पंत दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘संपलं.’

त्या इव्हान्सव्हिलने पुढे आपल्या गटातले अठराच्या अठरा सामने गमावले. केंटकीने २५ जिंकले, ६ हरले आणि आपल्या गटात पहिली आली. आता पंतांच्या निकालाचा निकाल मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत लागायचा होता. १२ मार्च २०२० रोजी करोनामुळे ती स्पर्धाच रद्द झाली. तेव्हापासून पंत सांगतात, ‘त्या वर्षी आपणच जिंकणार होतो, मी नोव्हेंबरातच ओळखलं होतं.’ त्यांच्या सगळ्या भाकितांपैकी हे एकच आजवर कुणाला खोटं ठरवता आलेलं नाही.